वेगाला आवर घालणे हे घरचेच काम

(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



वर्धापनदिनाच्या कार्यक्रमात दर वर्षी कोणी आरोग्यावर बोलते, कोणी मुलांच्या संस्कारांवर, कोणी बचतीवर. या वर्षी कार्यकारिणीने मला विषय निवडायला सांगितले, तेव्हा मी वाहनांच्या वेगाचा विषय सांगितला. दोघीतिघी हसल्या. "अगं, तो विषय पोलिसांचा. आपण बायकांनी त्यावर काय बोलायचे?" असे त्या म्हणाल्या. त्यांचे म्हणणे मला वाईट वाटले नाही. मी सातवी शिकलेली बाई. मला मोटार चालवता येत नाही. परंतु गेली बावीस वर्षे आमचे हे एस. टी.ची गाडी चालवीत आहेत. ते सुखरूप घरी आल्याशिवाय माझ्या घशाखाली घास उतरत नाही. म्हणून रस्त्याचा विषय माझ्या स्वयंपाकघरातला आहे. आणि तुमच्याही. कारण आज कोणत्या घरातले माणूस सकाळी चाकावर बसून बाहेर जात नाही?

आपण राहतो तो धायरीचा भाग म्हणजे मोठ्या हमरस्त्याच्या कुशीतला. कात्रजच्या नव्या बोगद्यातून बाहेर पडलेली गाडी नवले पुलापर्यंत उतारच उतरत येते. २० नोव्हेंबर २०२२ च्या रात्री याच उतारावर एका अवजड गाडीने एकामागून एक वीसाहून अधिक वाहने चिरडत नेली, ती रात्र आपल्यापैकी कोणी विसरलेले नाही. पुढे १३ नोव्हेंबर २०२५ ला त्याच पुलाजवळ पुन्हा अपघात झाला. दोन अवजड गाड्यांच्या मध्ये सापडून मोटार पेटली, माणसे गेली. रुग्णवाहिकांचे भोंगे आपल्या गच्चीवर ऐकू येत होते.

मी यांना विचारले, "उतारावर असे का होते हो?" त्यांनी सांगितले ते साधे आहे. उतारावर गाडी गिअरमध्ये असली की इंजिनच तिला मागे ओढून धरते. डिझेल वाचावे म्हणून काही चालक गाडी न्यूट्रलमध्ये टाकतात. मग सारा भार ब्रेकवर येतो, ब्रेक तापतात आणि तापलेले ब्रेक धरत नाहीत. चार पैशांच्या डिझेलसाठी दुसऱ्याच्या घरचा दिवा विझतो. आपल्या ओळखीत टेम्पो-ट्रक चालवणारे पुष्कळ आहेत. त्यांच्या घरच्या बायकांनी ही एवढी गोष्ट त्यांच्या कानावर घातली, तरी आजच्या माझ्या बोलण्याचे चीज झाले असे मी समजेन.

परंतु मला आज मोठ्या गाड्यांविषयी फारसे बोलायचे नाही. त्या आपल्या हातात नाहीत. आपल्या दारात उभ्या असलेल्या दुचाकीविषयी आणि मोटारीविषयी बोलायचे आहे. तिची किल्ली आपल्याच घरात देव्हाऱ्याशेजारच्या खिळ्याला टांगलेली असते.

आधी थोडा हिशेब सांगते. हिशेब म्हटला की आपण बायका कान टवकारतो, म्हणून तोच आधी. माझा मुलगा बारावीला आहे, सतरा वर्षांचा. त्याचा क्लास घरापासून सहा किलोमीटरवर. समजा, तो रस्ता अगदी मोकळा आहे. ताशी ४० किलोमीटरने गेले तर ९ मिनिटे लागतात. ताशी ६० ने गेले तर ६ मिनिटे. म्हणजे जीव मुठीत धरून जो वेग वाढवायचा, त्यातून वाचतात तीन मिनिटे. तेवढ्यात चहाला नीट उकळीसुद्धा येत नाही. आणि मध्ये दोन सिग्नल लागले की तीही मिनिटे गेली. पुढे पळालेला आणि सावकाश आलेला, दोघेही त्याच लाल दिव्याशी शेजारी शेजारी उभे असतात. हे आपण रोज पाहतो.

आता दुसरा हिशेब. आपली नऊवारी म्हणजे जवळजवळ सव्वाआठ मीटर. गाडी ताशी ३० किलोमीटरने जात असली, तर एका सेकंदात ती एक नऊवारी लांबी पुढे जाते. ताशी ६० असली तर दोन नऊवारी. रस्त्यात अचानक मूल आले, तर ते डोळ्यांनी दिसून पाय ब्रेकवर जाईपर्यंत एक सेकंद तरी जातोच. म्हणजे ब्रेक लागण्याच्या आधीच गाडी दोन नऊवारी पुढे गेलेली असते. त्यानंतर ब्रेक दाबल्यावर गाडी थांबायला जागा लागते ती निराळी. आणि गंमत अशी, की वेग दुप्पट झाला तर ही जागा दुप्पट होत नाही, चौपट होते. ३० च्या वेगात चांगल्या ब्रेकने कोरड्या रस्त्यावर पाच-सहा मीटर लागतात, तर ६० ला वीस-एकवीस मीटर. दोन्ही मिळून धरले, तर ३० वाली गाडी दीड-पावणेदोन नऊवारीत थांबते आणि ६० वाली गाडी थांबायला साडेचार नऊवारी लागतात. वीस-बावीस पावलांवर मूल असेल तर एक गाडी कशीबशी आवरता येते, दुसरी आवरता येतच नाही. मग चालवणारा कितीही पटाईत असो. पावसात तर हे अंतर आणखी वाढते.

हा हिशेब मला कोणी करून दिला म्हणाल, तर माझ्याच मुलाने. त्याच्या पदार्थविज्ञानाच्या पुस्तकात सूत्र आहे. त्याने आणखी एक गोष्ट काढून दाखवली. ताशी ६० किलोमीटरने भिंतीवर आदळणे म्हणजे चौथ्या-पाचव्या मजल्यावरून खाली पडण्यासारखे आहे. ताशी ३० ने आदळणे म्हणजे पहिल्या मजल्यावरून. आपल्या गच्चीला कठडा नसेल तर आपण मुलांना तिथे पाऊल टाकू देणार नाही. मग त्याच मुलाला कठडा नसलेल्या पाचव्या मजल्यावर किल्ली देऊन आपणच कसे बसवतो?

आता थोडे सरकारी आकडे. रोज वर्तमानपत्रात एक-दोन अपघात वाचून आपण पान उलटतो, म्हणून बेरीज लक्षात येत नाही. केंद्र सरकारच्या रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालाप्रमाणे २०२२ साली आपल्या देशात रस्त्यावरच्या अपघातांत १,६८,४९१ माणसे मेली. म्हणजे तासाला एकोणीस. आपला हा कार्यक्रम तीन तास चालेल. यातली ७१ टक्के माणसे अतिवेगाच्या अपघातांत गेली. एकट्या महाराष्ट्रात १५,२२४ माणसे गेली. मेलेल्यांत शंभरापैकी चव्वेचाळीसहून अधिक दुचाकीवरची होती, आणि एकोणीसहून अधिक पायी चालणारी. पायी चालणाऱ्यांचा तर काहीच वेग नव्हता. त्यांनी कोणता नियम मोडला होता?

तुम्ही म्हणाल, आकडे दूरचे असतात. तर जवळचे सांगते. आपल्या भजनाला पेटी वाजवणाऱ्या आजी आज पहिल्या रांगेत खुर्चीवर बसल्या आहेत. दोन वर्षांपूर्वी त्या आपल्याबरोबर सतरंजीवर मांडी घालून बसत असत. भाजी घेऊन त्या रस्त्याच्या कडेने येत होत्या. सर्व्हिस रोडवर उलट्या बाजूने, तीन मुले बसवून एक स्कूटर आली आणि आजींचे कमरेचे हाड मोडले. चालवणारा मुलगा सोळा वर्षांचा. मुलगा आपल्यातलाच, ओळखीच्या घरातला, स्वभावाने गरीब. त्याच्या वडिलांनी खर्चाचा काही भाग दिला, चार जणांनी मध्ये पडून प्रकरण मिटवले, पोलिसांत काही गेले नाही. आजींना विचारून मी हे सांगते आहे. त्या म्हणाल्या, "सांग, पण पोराचे नाव घेऊ नकोस, त्याचे आयुष्य पुढे आहे." भगिनींनो, आजींचे मन मोठे. परंतु मिटले ते काय मिटले? त्यांची मांडी परत आली नाही. आणि ती स्कूटर? महिन्याभरात ती पुन्हा रस्त्यावर आली. चालवणाराही तोच.

येथे कायदा काय म्हणतो ते सर्वांना माहीत असावे, म्हणून मुद्दाम नीट विचारून, लिहून आणले आहे. गिअरच्या किंवा मोठ्या इंजिनाच्या दुचाकीचे लायसन १८ वर्षे पुरी झाल्यावाचून मिळत नाही. सोळाव्या वर्षी मिळते ते फक्त ५० सी.सी.पर्यंतच्या, बिनगिअरच्या गाडीचे. आपल्या दारातल्या स्कूटरी बहुतेक १०० सी.सी.च्या वरच्या असतात. तेव्हा "तिला गिअर नाहीत, चालते" हे म्हणणे खोटे आहे. विजेवरच्या काही अगदी सावकाश गाड्या असतात, ताशी २५ किलोमीटरच्या आतल्या आणि कमी शक्तीच्या. त्यांना लायसन लागत नाही. परंतु त्याहून वेगाने पळणारी विजेची गाडी असेल तर तिला नियम तोच.

मोटार वाहन कायदा १९८८ सालचा. त्यात २०१९ साली दुरुस्ती झाली आणि एक नवे कलम आले. अठरा वर्षांखालील मुलाने गाडी चालवून गुन्हा केला, तर त्याचा पालक किंवा गाडीचा मालक दोषी धरला जातो. त्याला तीन वर्षांपर्यंत कैद व २५,००० रुपये दंड होऊ शकतो. गाडीची नोंदणी बारा महिने रद्द होते. आणि त्या मुलाला वयाच्या पंचविसाव्या वर्षापर्यंत लायसन मिळत नाही. आपल्याला ठाऊक नव्हते, किंवा आपण आपल्याकडून सर्व काळजी घेतली होती, हे पालकाला स्वतः सिद्ध करावे लागते. किल्ली खिळ्याला टांगून "मला काय माहीत" असे म्हणणाऱ्या आईबापांचे कोर्टात कोण ऐकणार? विम्याचेही तसेच. चालवणाऱ्याजवळ लायसन नसेल, तर जखमी माणसाला दिलेली भरपाई विमा कंपनी गाडीच्या मालकाकडून वसूल करू शकते. एखाद्या घराची आयुष्यभराची पुंजी त्यात जाईल.

१९ मे २०२४ च्या पहाटे पुण्यात कल्याणीनगरला भरधाव मोटारीने दुचाकीवरच्या दोन तरुण अभियंत्यांचा जीव घेतला. मोटार चालवणारा सतरा वर्षांचा असल्याचे पोलिसांनी सांगितले. प्रारंभी तीनशे शब्दांचा निबंध लिहिण्याची अट घालून त्याला जामीन मिळाला, तेव्हा सारा देश खवळला. त्या वेळी आपण नळावर, जिन्यात, हळदीकुंकवात, सगळीकडे त्याच्या आईबापांविषयी बोललो. कोण किती दोषी, हे न्यायालय ठरवील. मला एवढेच म्हणायचे आहे, की श्रीमंताच्या मोटारीविषयी आपण जे बोललो, तेच आपल्या दारातल्या स्कूटरविषयी बोलायला हवे. मोटार महागाची असो की स्कूटर हप्त्याची असो, समोरच्या माणसाचे हाड तितक्याच सहज मोडते.

आता हेल्मेटविषयी. पुण्यात हा विषय काढणे म्हणजे भांडण ओढवून घेणे. १ जानेवारी २०१९ पासून शहरात सक्तीची मोहीम सुरू झाली, तेव्हा विरोधात मोर्चेसुद्धा निघाले. मानेला त्रास होतो, ऐकू येत नाही, केस गळतात, ठेवायचे कुठे, अशी कारणे आपण ऐकली. त्यातली काही खरीही असतील. पण दुसऱ्या पारड्यात काय आहे ते पाहा. देशोदेशीच्या अभ्यासांतून दिसले, की हेल्मेटने मरणाचा धोका सुमारे ४२ टक्क्यांनी आणि डोक्याला इजा होण्याचा धोका ६९ टक्क्यांनी कमी होतो. २०२२ साली देशात हेल्मेट न घातलेली ५०,०२९ माणसे अपघातांत मेली, आणि त्यांत १४,३३७ जण मागे बसलेले होते. मागे कोण बसते? बहुतेक वेळा आपणच बसतो. नवऱ्याच्या डोक्यावर हेल्मेट, त्याच्या मागे बायकोच्या डोक्यावर फक्त गजरा, आणि दोघांच्या मध्ये मूल उघड्या डोक्याचे. बायकोचे व मुलाचे डोके काय नारळाचे आहे?

कायद्यात चार वर्षांवरच्या प्रत्येकाला हेल्मेट सांगितले आहे, पुढे बसा की मागे. नऊ महिने ते चार वर्षांच्या मुलासाठी १५ फेब्रुवारी २०२३ पासून निराळा नियम आहे. मुलाला त्याच्या मापाचे हेल्मेट हवे, चालवणाऱ्याशी बांधून ठेवणारा पट्टा हवा आणि मूल बसले असताना गाडी ताशी ४० किलोमीटरच्या वर जाता कामा नये. हेल्मेटवर आय.एस.आय.ची खूण पाहून घ्या. १ जून २०२१ पासून त्या खुणेवाचून हेल्मेट विकायला बंदी आहे, तरी रस्त्याच्या कडेला दोनशे रुपयांची टोपली मिळतेच. तिचा उपयोग पोलिसाला दाखवण्यापुरता. आणि हनुवटीखालचा पट्टा लावल्याशिवाय हेल्मेट म्हणजे झाकण नसलेला डबा. पडल्याबरोबर आधी तेच उडून जाते.

आपल्या पदराविषयीही एक शब्द सांगते. मागच्या चाकाला जाळी असते, तिला साडी गार्ड म्हणतात. मागचे चाक निम्मे तरी झाकलेले असावे असा नियमच आहे. आपली पोरे गाडी देखणी दिसावी म्हणून ती काढून टाकतात. मग ओढणी किंवा पदर चाकात गेला की बाई मागच्या मागे ओढली जाते. घरी गेल्यावर आज आपापल्या गाडीची ती जाळी आहे का, एवढे अवश्य पाहा. आणि गाडीवर बसण्यापूर्वी पदर कमरेला खोचून घ्या.

मोटारीत बसणाऱ्यांचीही तीच कथा. पुढच्या दोघांनी पट्टा लावायचा आणि मागे बसणाऱ्यांनी पाहुण्यांसारखे ऐसपैस बसायचे, अशी आपली समजूत. ४ सप्टेंबर २०२२ रोजी पालघर जिल्ह्यात चारोटीजवळ सूर्या नदीच्या पुलावर उद्योगपती सायरस मिस्त्री यांचा मृत्यू झाला. मोटार उंची, रस्ता मोठा. ते मागच्या सीटवर होते आणि पट्टा लावलेला नव्हता. पैशाने सारे काही विकत मिळते, पण न लावलेला पट्टा कोणालाच वाचवीत नाही.

आता पोलिसांविषयी. "ते कोपऱ्यात दडून बसतात, पावत्या फाडतात, आमच्याच मागे लागतात," ही तक्रार घरोघर आहे. चौकातला पोलीस उन्हातान्हात, धुरात आठ-दहा तास उभा असतो. त्याच्या घरीही आपल्यासारखी बाई वाट पाहते. त्यांच्यात सगळेच धुतल्या तांदळासारखे आहेत असे मी म्हणत नाही. कोणी पावती न देता पैसे मागितले तर देऊ नयेत, पावतीच मागावी. हल्ली तर कॅमेराच फोटो काढतो आणि चलान मोबाइलवर येते, त्यात कोणाची ओळखदेख चालत नाही. पण ओळख लावून दंड सोडवणे आणि मग "पोलीस काही करीत नाहीत" असे म्हणणे, ही दोन्ही कामे एकाच तोंडाने शोभत नाहीत. पुष्कळ लोक कॅमेऱ्याचा खांब आला की वेग कमी करतात आणि पुढे गेले की पुन्हा वाढवतात. जणू वेगाची मर्यादा त्या खांबाच्या संरक्षणासाठी आहे! स्वयंपाकघरात आपल्यावर कोणी पोलीस नेमलेला नसतो. तरी रात्री निजण्यापूर्वी गॅसची कळ आपण बंद करतोच. कोणी पाहते म्हणून नव्हे, घर जळू नये म्हणून. रस्त्याचे नियम असे पाळले गेले तर पोलिसाला कोपऱ्यात दडायचे कारण उरणार नाही.

कोणी विचारील, "नियम आम्हालाच का? रस्त्यात खड्डे आहेत, दिवे बंद आहेत, वेगाची पाटी झाडामागे आहे, त्याचे काय?" विचारणे अगदी रास्त आहे. २०१९ च्या दुरुस्तीत रस्ता वाईट बांधणाऱ्या आणि वाईट राखणाऱ्यालाही एक लाख रुपयांपर्यंत दंड सांगितला आहे. तेव्हा अर्ज करावेत, पाठपुरावा करावा, आणि ते काम मंडळाने करावेच. परंतु रस्ता वाईट आहे, हे गाडी सावकाश चालवण्याचे कारण झाले. जोरात चालवण्याचे कसे होईल? तवा फार तापला तर आपण आच कमी करतो, वाढवीत नाही.

घाई कोठून येते, याचाही विचार करू या. घाटात पाटी असते, 'अति घाई संकटात नेई'. ती पाटी घाटात लागते, पण घाई घरातून निघालेली असते. डबा दहा मिनिटे उशिरा झाला की माणूस ती दहा मिनिटे रस्त्यावर भरून काढू पाहतो. "कुठपर्यंत आलात?" म्हणून तीन वेळा फोन वाजला की तो एका हाताने गाडी आणि दुसऱ्या हाताने फोन धरतो. चालवताना हातात फोन धरणे हा कायद्याने धोकादायक वाहन चालवण्याचाच प्रकार आहे. आमच्या घरी लग्नापासून एक रीत आहे. हे कामावर असताना मी फोन करीत नाही. काय असेल ते एस. टी. मुक्कामाला लागली की तेच करतात. सासूबाई अत्यवस्थ होत्या त्या दिवशीसुद्धा मी डेपोत निरोप ठेवला. गाडीत पन्नास घरची माणसे होती. वाईट बातमी कानात घेऊन त्यांनी घाट उतरावा, हे मला पटले नाही.

दारू पिऊन चालवणाऱ्यांविषयी फार सांगायला नको. पहिल्या वेळी दहा हजार रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही, असा कायदा आहे. लग्नाच्या वरातीतून, हळदीतून, पार्टीतून परतताना असा माणूस किल्ली हातात घेतो, तेव्हा "चार लोकांत कसे बोलायचे" म्हणून आपण त्याच्या मागे मुकाट्याने बसतो. बसू नका. रिक्षा करा, माहेरी फोन करा, तिथेच मुक्काम करा. चार लोकांत लाज गेली तर ती आठ दिवसांत परत येते.

आणि अपघात झालाच, तर? गर्दी जमते, फोटो काढले जातात, आणि पोलिसांच्या फेऱ्यात कोण अडकणार म्हणून जखमीला कोणी हात लावीत नाही. ही भीती आता ठेवू नका. सर्वोच्च न्यायालयाने ३० मार्च २०१६ रोजी मदत करणाऱ्यांच्या संरक्षणाचे नियम मान्य केले आणि २०१९ च्या दुरुस्तीत ते कायद्यातच आले. जखमीला इस्पितळात नेणाऱ्याला स्वतःचे नाव सांगण्याचीसुद्धा सक्ती करता येत नाही. पहिल्या एका तासात उपचार मिळाले तर पुष्कळ जीव वाचतात. १०८ नंबर लावला की रुग्णवाहिका येते, ११२ लावला की पोलीस. हे दोन आकडे मुलांना पाढ्यांसारखे पाठ करून द्या.

आता शेवटचे आणि माझ्या मनातले. माझा मुलगा सतरा वर्षांचा आहे हे मी सांगितलेच. त्याच्या क्लासमध्ये बहुतेक मुलांजवळ गाडी आहे. तो एकटा बसने जातो आणि पुष्कळदा बस भरलेली असते म्हणून उशिरा पोचतो. मित्र त्याला हसतात. दीर म्हणाले, "वहिनी, माझी जुनी गाडी नेऊ दे त्याला, मी शिकवतो." जाऊबाई म्हणाल्या, "ड्रायव्हरच्या मुलाला गाडी नाही, हे बरे दिसते का?" शेजारच्या वहिनी म्हणाल्या, "मुलगा न्यूनगंडाने खंगेल हो." गेले सात महिने तो माझ्याशी मोजून बोलतो. परीक्षा जवळ आली आहे, आणि त्याचे उतरलेले तोंड पाहून माझे आतडे तुटते. तरी मी नाही म्हटले आहे. यांनीही नाही म्हटले आहे. अठरा पुरी होऊन लायसन हातात येईपर्यंत ते नाहीच आहे.

परंतु भगिनींनो, एकटीने नाही म्हणणे फार कठीण असते. माझ्या एका 'नाही'च्या समोर दहा घरांचे 'हो' उभे असते. ज्या मुलाच्या घरी गाडी मिळते, त्याच्या मागे माझाही मुलगा बसणार, मी किती पाळत ठेवणार? हेच जर आपल्या गल्लीतल्या सगळ्या आयांनी एकदम 'नाही' म्हटले, तर कोणत्याच मुलाला कमीपणा वाटणार नाही. शाळेत सगळ्यांनाच गणवेश असतो तेव्हा कोणी रडत नाही. मंडळ कशासाठी असते? जे एकीला जमत नाही ते दहा जणींनी मिळून करण्यासाठीच ना? लोणची-पापड करायला आपण एकत्र येतो, मग मुले जगवायला का येऊ नये?

म्हणून मी मंडळापुढे चार गोष्टी ठेवते. पहिली, अठरा वर्षे पुरी होऊन लायसन मिळेपर्यंत कोणत्याही सभासदाच्या घरची किल्ली मुलाच्या किंवा मुलीच्या हातात जाणार नाही. घरात पुरुषमाणसांचे मत वेगळे असेल तर मंडळाचा ठराव त्यांना दाखवावा. दुसरी, संक्रांतीच्या हळदीकुंकवाला आपण प्लॅस्टिकचे डबे आणि चाळण्या वाण म्हणून लुटतो. यंदा रात्री चमकणारी पट्टी लुटावी. ती सायकलीला लावता येते, दप्तराला लावता येते, पहाटे फिरायला जाणाऱ्या सासऱ्यांच्या काठीलाही लावता येते. तिसरी, ज्या मुलांना बसची गर्दी सोसत नाही, त्यांच्यासाठी चार-पाच घरांनी मिळून रिक्षा लावावी. दोन घरांनी तयारी दाखवली आहे, तिसरे माझे. चौथी, शाळेसमोर वेगाची पाटी, गतिरोधक आणि पांढरे पट्टे यांसाठी महापालिकेला व वाहतूक पोलिसांना मंडळाच्या सह्यांचा अर्ज द्यावा. अर्ज लिहून तयार आहे. अक्षर माझ्या मुलाचे आहे. तो रागावलेला आहे, पण अक्षर त्याने चांगले काढले आहे.

अर्जाचा कागद दाराशी टेबलावर ठेवला आहे. पहिली सही आजींनी केली आहे. चहाला जाण्यापूर्वी प्रत्येकीने आपली सही करावी. ज्यांना पहिली गोष्ट कबूल नसेल, त्यांनी निदान माझ्याजवळ येऊन का ते सांगावे. मी वाद घालणार नाही, ऐकून घेईन. पण गप्प राहून घरी जाऊ नये, एवढी विनंती.

 आपल्या सर्वांच्या घरची माणसे रोज संध्याकाळी वेळेवर, आणि वेळेवर नाही तर थोडी उशिरा, पण धडधाकट घरी येवोत, अशी देवाजवळ प्रार्थना करून आपली रजा घेते.